तेजाची साक्ष किती मानावी?

लिंगोद्भवाची कथा शैव परंपरेत सर्वांना ठाऊक आहे. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद पेटला, तेव्हा त्यांच्यासमोर एक तेजाचा स्तंभ उभा राहिला. त्याला ना बुंधा दिसत होता ना शेंडा. विष्णू खाली गेला, ब्रह्मा वर गेला. विष्णूनं परत येऊन सांगितलं की तळ सापडला नाही. ब्रह्म्यानं मात्र शेंडा पाहिल्याचं सांगितलं आणि केतकीच्या फुलाला खोटा साक्षीदार म्हणून उभं केलं. केतकी शिवपूजेतून बाद झाली ती त्यामुळे. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, जिथे केदारनाथ जोतिबा या नावानं पुजला जातो, तिथल्या भाविकाला ही कथा शिवाचं मोठेपण सांगणारी वाटते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यातली दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. ब्रह्म्याचा अपराध शेंडा न सापडणं हा नव्हता, न सापडलेला शेंडा सापडला म्हणणं हा होता. तेज खरं होतं, डोळेही खरे होते, खोटा होता तो तेजाचा लावलेला अर्थ. एखादं लखलखीत तेज डोळ्यांपुढे आलं, तर ते आपल्या अर्थाची साक्ष स्वतः देऊ शकतं का? धर्माच्या क्षेत्रात हा प्रश्न साक्षात्काराच्या, चमत्काराच्या, अंगात येण्याच्या निमित्तानं नेहमी उभा राहतो. गेल्या दोन शतकांत आकाशातल्या काही ताऱ्यांनी हाच प्रश्न इतक्या नेमकेपणानं विचारला आहे, की त्यांचं उत्तर धर्मचिंतकानंही ऐकावं.

यातला सर्वांत मोठा साक्षीदार कोल्हापूरच्या आकाशातलाच आहे. नौकातल या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला ईटा कॅरिने हा तारा आपल्यापासून सुमारे ७५०० प्रकाशवर्षं दूर आहे. जोतिबाच्या डोंगरावरून पाहिलं तर चैत्रातल्या रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम १३-१४ अंश वर येतो. त्रिशंकू उगवून वर येत असतो, त्याच्या पश्चिमेला हा असतो. आज तो चौथ्या प्रतीच्या आसपास आहे, म्हणजे अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. डिसेंबर १८३७ मध्ये केप ऑफ गुड होपला वेध घेत असलेल्या जॉन हर्शेल यांना हा तारा अचानक फार तेजस्वी झालेला दिसला. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले, पण तारा काही थांबला नाही. मार्च १८४३ मध्ये तो इतका वाढला की अख्ख्या आकाशात व्याधाखालोखाल त्याचाच क्रमांक लागू लागला. त्या महिन्यात कोलकात्याहून रेव्हरंड मॅके यांनी त्याची नोंद केली, ती अगस्त्याशी तुलना करून. त्या वर्षीच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेला, राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधलेल्या देवळाच्या दक्षिणेला, क्षितिजाजवळ हा तारा झळकत होता. मग १८५८ नंतर तो झपाट्यानं मंदावला आणि दहाएक वर्षांत नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला.

आज आपण मागे वळून बघतो तेव्हा त्या दोन दशकांत काय घडलं ते कळतं. सूर्याच्या शंभरपट वस्तुमानाच्या आसपासचा हा तारा. त्याच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा दाब इतका आहे की गुरुत्वाकर्षण त्याला जेमतेम आवरू शकतं. त्या उद्रेकात त्यानं दहा सूर्यांहून जास्त वस्तुमान अवकाशात भिरकावलं आणि एखाद्या अतिनवताऱ्याच्या, म्हणजे सुपरनोव्हाच्या, दहाव्या हिश्श्याइतकी ऊर्जा उधळली. दुसऱ्या दीर्घिकेतून कोणी तो पाहिला असता तर तारा मेला, स्फोट झाला, असा निष्कर्ष काढला असता. तारा मेला नव्हता. त्यानं फेकलेल्या धुळीनं त्याला झाकलं होतं. १९६८ मध्ये अवरक्त किरणांत पाहिल्यावर कळलं की सूर्यमालेबाहेर त्या तरंगलांबीत आकाशातलं सर्वांत तेजस्वी ठिकाण तेच आहे. तो विझलेला वाटत होता तेव्हाही त्याची ऊर्जा बाहेर पडतच होती, फक्त डोळ्यांना दिसेल अशा रूपात नव्हती. त्यानंतर कळलं की तो एकटा नाही, साडेपाच वर्षांच्या फेरीनं फिरणारा एक जोडीदार त्याला आहे. आणि हा अपवादही नव्हे. हंस तारकासमूहात १६०० मध्ये नव्यानं दिसलेला, विलेम ब्लाऊ यांनी नोंदवलेला तारा १६२६ च्या सुमारास मावळला, १६५५ मध्ये पुन्हा उजळला आणि आजही जागेवर आहे. १९५४ मध्ये एनजीसी २४०३ या दीर्घिकेत अतिनवतारा म्हणून नोंदलेल्या ताऱ्याच्या जागी काही दशकांनी पाहिलं तर धुळीच्या पडद्याआड एक तारा जिवंत सापडला. अशांना खगोलशास्त्रज्ञ अतिनवताऱ्याचे तोतये म्हणतात.

तोतया म्हटलं की मराठी माणसाला आठवतं ते पानिपत. १७६१ च्या त्या दिवसानंतर सदाशिवराव भाऊ जिवंत आहेत अशी बातमी सुटली, आणि काही वर्षांनी भाऊच असल्याचा दावा करणारा एक माणूस उत्तरेत उभा राहिला. पुढे कोकणात त्याच्या नावानं बंड झालं, गड-किल्ल्यांनी त्याची बाजू घेतली, महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना त्याच्यावर जावं लागलं, रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडलं आणि १७७६ अखेरीस पुण्यात त्याला देहदंड झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मात्र १७८३ मध्ये मरेपर्यंत वैधव्य मानायला तयार झाल्या नाहीत. तारे आणि तो माणूस यांची तुलना उलटी आहे. माणूस मेलेल्याचं जिवंत रूप घेऊन आला, तारे जिवंत असून मृत्यूचं रूप घेतात. पण दोन्हीकडे फसवणूक एकाच ठिकाणी होते. समोर दिसणारी एक खूण, मग ती चेहरा असो की उजेड, आपल्या आधीच्या आशेला किंवा भीतीला जुळते आणि आपण तिच्यातून एक पूर्ण कहाणी उभी करतो. याच महादजींना पानिपताच्या धावपळीत राणेखान नावाच्या भिस्त्यानं जखमी अवस्थेत बाहेर काढलं होतं. महादजी आयुष्यभर लंगडत राहिले, पण जगले. जोतिबा हे शिंद्यांचं कुलदैवत. रणांगणावर कोण पडला आणि कोण उरला हे त्या घराण्याइतकं फार थोड्यांना माहीत असेल, आणि ते त्या दिवसाच्या धुरळ्यात कळलं नाही, नंतरच्या बातमीनं कळलं.

इथे मला माझं म्हणणं स्पष्ट मांडायचं आहे. एखाद्या तेजस्वी घटनेचा अर्थ तिच्या तेजात नसतो. तो तिच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या काळात पसरलेला असतो. म्हणून जो माणूस त्या रात्रीसाठीच येतो आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो, त्याला घटना दिसते, पण सत्य दिसत नाही. नैयायिकांनी हे ओळखलं होतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाच्या व्याख्येत त्यांनी एक शब्द जाणीवपूर्वक घातला, अव्यभिचारी, म्हणजे पुढे चुकीचं न ठरणारं. वात्स्यायनाच्या भाष्यात मृगजळाचं उदाहरण आहे. दुपारच्या उन्हात दूरवर पाणी दिसतं, ते डोळ्यांना दिसतं हे खोटं नाही, पण तिथपर्यंत चालत गेल्यावर तहान भागत नाही. प्रामाण्य हे ज्ञानात जन्मतःच असतं की बाहेरून पडताळावं लागतं, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. मीमांसक म्हणाले ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत. नैयायिक म्हणाले प्रामाण्य दुसऱ्या पडताळ्यानं ठरतं, आणि त्यातला मुख्य पडताळा म्हणजे त्या ज्ञानाच्या आधारे केलेली प्रवृत्ती सफल होणं. तोतया ताऱ्यांचं प्रकरण नैयायिकांच्या बाजूनं उभं राहतं. उद्रेकाच्या आठवड्यात वर्णपट घेतला तर त्यात हायड्रोजनच्या अरुंद रेषा दिसतात. त्यांच्यावरून वायूचा वेग सेकंदाला काही शे किलोमीटर निघतो, खऱ्या स्फोटात तो हजारोंत असतो. मग फरक सोपा झाला असं वाटतं. पण काही खरे अतिनवतारेही अशाच अरुंद रेषा दाखवतात, कारण त्यांचा स्फोट आधीच बाहेर टाकलेल्या वायूवर आदळत असतो. म्हणजे एका रात्रीचा पुरावा, कितीही उत्तम यंत्राचा असला, तरी पुरत नाही. उरतो तो एकच उपाय, वर्षानुवर्षं तेज मोजत राहणं आणि शेवटी त्या जागी तारा उरला का ते बघणं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे, आणि तो गंभीर आहे. एनजीसी ७२५९ या दीर्घिकेत २००९ मध्ये एक तारा उजळला. त्याला सुरुवातीला अतिनवताऱ्याचं नाव मिळालं, मग निरीक्षणं वाढली तशी तो तोतया आहे हे ठरलं. २०१२ मध्ये तोच तारा पुन्हा भडकला, आणि या वेळचा भडका इतका प्रचंड होता की अनेकांनी त्याला खरा स्फोट म्हटलं. त्यावरही वाद चालू राहिला. नंतरची निरीक्षणं दाखवतात की ती जागा आता मूळ ताऱ्याच्या तेजाहूनही मंद झाली आहे, म्हणजे तारा बहुधा संपला. मग इथे मुरलेल्या निरीक्षकांनीच आधी मृत्यू म्हटलं, मग जीवन म्हटलं, मग पुन्हा मृत्यू म्हटलं. विज्ञान सारखं मत बदलतं, तर त्याच्यावर विसंबायचं कसं? पण या कहाणीत मत बदललं ते कशानं, हे बघितलं तर आक्षेपाचा रोख उलटतो. प्रत्येक वेळी निर्णय फिरवणारी गोष्ट कोणाचा अधिकार नव्हती, नवी नोंद होती. २००६ मध्ये यूजीसी ४९०४ मध्ये फुटलेल्या एका अतिनवताऱ्याच्या बाबतीत दोन वर्षं आधीची छोटी झळक जपानच्या हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी टिपून ठेवली होती. ती टिपलेली नसती तर हा स्फोट अचानक झाला असंच आपण मानलं असतं. चुकीची दुरुस्ती होऊ शकली कारण नोंद जपली होती. ज्याला दुरुस्तीची भीती वाटत नाही त्याच्याच नोंदीवर विसंबावं.

दुसरा आक्षेप भाविकाचा. श्रद्धा ही काही उपपत्ती नाही, तिला ताऱ्यांच्या मापानं मोजणं म्हणजे गोडीला वजनात तोलणं. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणणारा माणूस कुठलंही विधान करत नसतो. तो हाक मारतो, सगळ्यांचं भलं इच्छितो, आपलं ओझं क्षणभर खाली ठेवतो. त्याला बाध येत नाही, कारण त्यात खोटं ठरण्यासारखं काही नाही. परंतु तोच माणूस किंवा दुसरा कोणी जेव्हा सांगतो की अमुक रात्री अमुक ठिकाणी दिवा आपोआप पेटला, अमुक व्यक्तीच्या तोंडून देव बोलला, तमुक नवस केल्यानं रोग गेला, तेव्हा तो जगाबद्दल बोलतो. मग त्यालाही तोच प्रश्न लागू पडतो, आधी काय होतं आणि नंतर काय झालं. अनुभव प्रामाणिक असेल, अश्रू खरे असतील, तरी अर्थाला वेळ द्यावा लागतो. भक्तीला त्यामुळे धक्का लागत नाही, कारण ज्याची भक्ती एका रात्रीच्या तेजावर उभी नाही, त्याला ते तेज तपासायला कशाला भीती वाटावी?

तिसरा आक्षेप असा येऊ शकतो की ज्योतिषीही आकाशच पाहतात, मग त्यांच्या शब्दाला मान का देऊ नये? याचं उत्तर कोल्हापूरच्याच एका पुत्राच्या कामात आहे. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले, २०२५ मध्ये निवर्तलेले जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांबरोबर, नरेंद्र दाभोलकर त्यांत होते, महाराष्ट्रात जन्मपत्रिकांची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून दिल्या आणि ज्योतिषांना ओळखायला सांगितलं. ५१ जणांनी नाव नोंदवलं, २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी यश ४६ टक्के आलं, नाणं उडवून मिळतं तेवढंही नाही. इथे आकाश पाहणं हा मुद्दाच नाही. आकाशाकडे बघून जे सांगितलं ते आधी लिहून ठेवलं का आणि नंतर पडताळलं का, हा मुद्दा आहे. ईटा कॅरिनेची नोंद करणाऱ्यानं जर १८४३ मध्ये फक्त आपल्या मनातली भीती लिहिली असती, तर आज ती आपल्याला निरुपयोगी असती. मॅके यांनी अगस्त्याशी तुलना लिहिली म्हणून ती आजही कामी येते.

आता जोतिबाच्या यात्रेकडे वळू, कारण इथे माझ्या म्हणण्याला एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. चैत्र पौर्णिमेला मानाच्या सासनकाठ्या ठरलेल्या क्रमानं निघतात. उंच बांबूची काठी, तिला गुंडाळलेलं कापड, टोकाशी तुरा, तिला सगळ्या बाजूंनी दोऱ्यांनी तोलून धरणारे तरुण हात, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण, दवण्याचा वास. ती काठी दरवर्षी तीच आणि ती उचलणाऱ्या घराण्याचा मानही तोच. यात्रा ही पुनरावृत्ती आहे, निरीक्षण नाही, असं कोणी म्हणेल. तेही खरं आहे. दरवर्षी तेच केल्यानं नवं काही कळत नाही, आणि उद्या काही वेगळं दिसलं तर ते लिहून ठेवण्याची यात्रेत रीत नाही. तरीही एक गुण दोघांत सारखा आहे आणि तो दुर्मीळ आहे. जो परत येतो तो काही घडलं म्हणून येत नाही. ताऱ्याच्या निरीक्षकाच्या शेकडो रात्री एकाच आकड्यानं भरतात, चार पूर्णांक तीन, चार पूर्णांक चार, पुन्हा चार पूर्णांक तीन, आणि त्यातली कुठली रात्र उद्याच्या उद्रेकाचा उंबरठा ठरणार हे त्याला माहीत नसतं. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेत १९४४ पासून अशा हौशी निरीक्षकांच्या पिढ्या घडत आल्या आहेत. जेसोरचे राधागोविंद चंद्र यांनी साध्या दुर्बिणीनं रूपविकारी ताऱ्यांची सदतीस हजारांहून जास्त निरीक्षणं केली. डोंगर चढून येणाऱ्या भाविकानं हा नेम त्यांच्याकडून घ्यावा असं मी म्हणत नाही, नेम त्याच्याकडे आहेच. त्यांच्याकडून घ्यायची ती वही.

आता काम यंत्रांकडे गेलं आहे, हे मान्य. हान्लेला ४५०० मीटरवर आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण २०१८ पासून माणसाविना क्षणभंगुर तेजांचा पाठलाग करते. पुण्याच्या आयुकाची गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा दक्षिणेचं आकाश वारंवार टिपत जाणार आहे, आणि तिच्यापुढे तोतये थोडके राहणार नाहीत. म्हणून काहीजण म्हणतात, डोळ्यांनी पाहण्याचे दिवस गेले. मला तसं वाटत नाही. यंत्र क्षणाची नोंद उत्तम करेल, पण १८४३ मध्ये ईटा कॅरिनेनं काय केलं ते सांगायला मागे जाऊन टिपणारं यंत्र नाही. तिथे आजही मॅके आणि त्यांच्यासारख्यांच्या डोळ्यांच्या नोंदी आधाराला घ्याव्या लागतात. आणि १९६१ मध्ये एनजीसी १०५८ मध्ये दिसलेल्या एका झळकेचं, ती तोतया होती की खरा मृत्यू, यावर अजून एकमत नाही. साठ वर्षं उलटून गेली. ज्यांनी त्यावर अभ्यास केला त्यांना माहीत नाही असं म्हणायची लाज वाटत नाही. विष्णूनं तळ सापडला नाही म्हटलं तेव्हाही ती त्याची हार मानली गेली नव्हती.

म्हणून कोल्हापूर-पन्हाळ्याच्या शिक्षकांना आणि डोंगरावर जाणाऱ्या तरुणांना एक विनंती. यात्रेची रात्र चांदण्याची असते, तेव्हा चौथ्या प्रतीचा तारा क्षितिजाजवळ दिसणार नाही. फाल्गुन किंवा चैत्र वद्यातली अंधारी रात्र धरा, देवळाच्या दिव्यांपासून थोडं दूर, दक्षिणेकडची मोकळी बाजू निवडा आणि त्रिशंकूच्या पश्चिमेला ईटा कॅरिने शोधा. त्याच्याइतक्याच उंचीवरचा एक थोडा तेजस्वी आणि एक थोडा मंद तारा घ्या आणि हा त्या दोघांच्या मधे नेमका कुठे बसतो ते ठरवा. दिनांक, वेळ, धुकं होतं का, कुठले तारे तुलनेला घेतले, आणि मनात शंका असेल तर तीही, सगळं वहीत लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. वही शाळेत ठेवा आणि ज्याच्या हाती ती जाईल त्याला सांगा की मागची पानं फाडायची नाहीत.